खूरस्वास्थ्य, घोड्याचे

खडकाळ मुलखात घोडा किती टिकेल, हे त्याचे खूर ठरवतात. भीमा-नीरा खोऱ्यांतला भीमथडी घोडा हे महाराष्ट्रातले ठसठशीत उदाहरण: बुटका, काटक, मराठ्यांच्या घोडदळात वावरलेला आणि आजही धनगरांच्या स्थलांतरात संसाराचे ओझे वाहणारा.

खुराची भिंत केराटिनची असते. ती महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते; पुढचा भाग पूर्ण नवा व्हायला वर्षभर लागते. झीज वाढीपेक्षा जास्त झाली, की तळवा पातळ होतो, खडा लागून आत रक्त साकळते आणि जनावर लंगडते. माथेरानच्या दगडगोट्यांच्या वाटांवर म्हणूनच नाल ठोकतात. पण नालामुळे झीज थांबते, वाढ थांबत नाही. दर ६ ते ८ आठवड्यांनी तो काढून खूर तासावाच लागतो.

रोज खूर उचलून खडे काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. घोडेवाल्याने तो कधीही टाळू नये.