खानदेशातून सीमेपार : मोटारीने बऱ्हाणपूर, सेंधवा आणि सुरत

सकाळी एका देशातून निघावे, दुपारी दुसऱ्या देशातील शहर पाहावे आणि रात्री घरी परतावे, हा प्रवास युरोपातील मोटारधारकांना परिचयाचा आहे. शेंगेन करार १९९५ मध्ये अमलात आल्यापासून तेथील अनेक देशांच्या सीमांवरील नित्याची पारपत्र तपासणी थांबली. खानदेशाला परराष्ट्राची सीमा नाही. मात्र जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांना मध्य प्रदेश आणि गुजरात या दोन राज्यांच्या सीमा भिडलेल्या आहेत आणि सीमेपलीकडची शहरे काही तासांच्या अंतरावर आहेत. त्यांपैकी एक तर खुद्द खानदेशाची जुनी राजधानी आहे.

एक नदी, तीन राज्ये

तापी बऱ्हाणपूरला वळसा घालून खानदेशात येते आणि पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. मोगलकाळात सुरत बंदरातून बऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबारवरून याच खोऱ्यातून जात असे. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने नवापूरच्या सुगंधी तांदळाची वाखाणणी केली आहे. आज या मार्गाचे एक टोक गुजरातेत, दुसरे मध्य प्रदेशात आणि मधला भाग महाराष्ट्रात आहे.

ही विभागणी एकाच वेळी झालेली नाही. मराठेशाहीच्या अस्तानंतर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला. बऱ्हाणपूर मात्र १८६० पर्यंत शिंद्यांकडे राहिले व नंतर मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्याला जोडले गेले. पश्चिमेकडील सीमा १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विभाजनाने आखली गेली.

जळगाव ते बऱ्हाणपूर

जळगावहून भुसावळ, सावदा, रावेरमार्गे बऱ्हाणपूर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. मुक्ताईनगर व इच्छापूरवरून जाणारा दुसरा रस्ताही आहे. इच्छापूरच्या इच्छादेवीच्या दर्शनाला खानदेशातून भाविक जातात. रावेरच्या केळीच्या बागा राज्याची सीमा ओलांडल्यावरही संपत नाहीत. बऱ्हाणपूर जिल्ह्याचेही केळी हेच प्रमुख पीक आहे आणि तेथील बाजारात मराठी सहज कानावर पडते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान नसीर खान याने हे शहर वसवले व खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. येथील जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेला असीरगड १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडला आणि फारुकी राजवट संपली. मुमताज महलचा मृत्यू १६३१ मध्ये बऱ्हाणपुरातच झाला. आग्र्याला नेण्यापूर्वी तिचा देह तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत दफन केलेला होता. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी सतराव्या शतकातील ‘कुंडी भंडारा’ ही योजना आजही पाहता येते. मार्च २०२४ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

धुळ्याहून उत्तरेस आणि पश्चिमेस

धुळे हे आग्रा रोड आणि सुरत-नागपूर महामार्ग यांच्या संगमावरचे शहर. उत्तरेस शिरपूर, पळासनेर ओलांडून बिजासन घाट चढला की सेंधवा येते. पुढे खलघाट येथे नर्मदा ओलांडून इंदूर गाठता येते. पश्चिमेस साक्री, कोंडाईबारी घाट व नवापूरमार्गे सुरतेचा रस्ता आहे.

नवापूरचे रेल्वे स्थानक १९६० च्या विभाजनापूर्वीचे. नवी सीमा नेमकी फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातेत अशी तेथील स्थिती आहे. महामार्गाने जाणाऱ्याने थोडी वाट वाकडी करून ते अवश्य पाहावे.

नियम काय सांगतात

खासगी मोटारीला राज्याची सीमा ओलांडण्यासाठी परवाना लागत नाही. नोंदणी प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि चालक परवाना एवढे पुरेसे आहे. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नोंदणी घ्यावी लागते. भाड्याच्या मोटारीचे नियम वेगळे असून तिच्या परवान्याची व कराची चौकशी आधीच करावी. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाल्यावर राज्यांचे विक्रीकर नाके बंद झाले. पेट्रोल व डिझेल मात्र या करकक्षेबाहेर असल्याने सीमेच्या दोन बाजूंना दर वेगळे असतात. गुजरातेत ते महाराष्ट्राहून कमी असल्याने परतताना तेथे टाकी भरून घेणे सोयीचे ठरते. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे मोटारीत मद्य नेणे हा गुन्हा ठरतो.

सीमा जाणवते तेव्हा

एरवी ही सीमा एका स्वागतफलकापुरतीच असते. २०२० च्या टाळेबंदीत मात्र ती खरीखुरी झाली. आग्रा रोडने मुंबई-नाशिककडून गावी निघालेले हजारो मजूर त्या वर्षीच्या मे महिन्यात बिजासन घाटात अडकून पडले. एका देशातल्या दोन राज्यांमधील रेघ किती कठोर होऊ शकते, हे त्या दिवसांत दिसले.

एरवी या सीमेचा परिणाम अधिक मूकपणे होतो. राज्याचे पर्यटन नकाशे राज्याच्या हद्दीपाशी थांबतात. त्यामुळे महाराष्ट्राच्या नकाशात खानदेश आहे, पण त्याची राजधानी नाही. तर मध्य प्रदेशाच्या नकाशात राजधानी आहे, पण तिचा मुलूख नाही. दोन्ही एकत्र पाहायचे असतील, तर जळगावहून सकाळी निघणाऱ्याला एक दिवस पुरतो. असीरगड नीट पाहायचा असल्यास मात्र मुक्काम करावा.