जलतरण तलाव: करमणूक की आरोग्य?

१/ जलतरण तलाव हे करमणुकीचे ठिकाण आहे की आरोग्याची सोय? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल. परंतु तलावाची तपासणी कोणी करायची आणि नेमके काय तपासायचे, हे याच उत्तरावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील कायद्यांनी या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे दिली आहेत. सोलापूरच्या निमित्ताने त्यांचा हा मागोवा. #थ्रेड #इतिहास

२/ सोलापूरच्या मध्यभागी, भुईकोट किल्ल्यालगत सिद्धेश्वर तलाव आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी तो लोकांच्या श्रमातून खोदविला, अशी परंपरा सांगते. शहराबाहेरचा एकरूख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. या अवर्षणप्रवण मुलखात पाणी साठविणे हा जगण्याचा प्रश्न होता. पोहणे हे त्या पाण्याचे आनुषंगिक सुख.

३/ पोहणे शिकण्याची जागा म्हणजे विहीर. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका, कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या काका-मामांच्या हाती. ना परवाना, ना तपासणी. काठावरचा जाणता माणूस हीच सगळी सुरक्षाव्यवस्था होती.

४/ आधुनिक राज्यव्यवस्थेत मात्र ‘सार्वजनिक पाणी’ ही कल्पना आली आणि तिच्यासोबत पहिला वाद आला तो प्रवेशाचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक निधीतील पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १७ मार्च १९३७ उजाडले. पाणी सुरक्षित आहे का, हे विचारण्याआधी ते सर्वांचे आहे का, याचा झगडा द्यावा लागला.

५/ आता परवान्याकडे वळू. ब्रिटिश काळात मुंबई शहरासाठी १९०२ चा पोलीस कायदा होता, तर सोलापूरसारख्या जिल्ह्यांसाठी १८९० चा. स्वातंत्र्यानंतर दोन्हींची जागा १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने घेतली. तोच पुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला.

६/ या अधिनियमात ‘सार्वजनिक करमणुकीचे ठिकाण’ याची व्याख्या आहे. पैसे घेऊन लोकांना जेथे प्रवेश मिळतो, अशी ही ठिकाणे. त्यांच्या यादीत शर्यतीचे मैदान, सर्कस, नाट्यगृह, बिलियर्डची खोली, व्यायामशाळा, तलवारबाजीची शाळा, नृत्यगृह आणि त्यांच्याच पंक्तीला जलतरण तलाव! पोलिसांचा तलावाशी संबंध जुळला तो येथे.

७/ कलम ३३ ने पोलीस आयुक्त आणि जिल्हादंडाधिकारी यांना आपापल्या हद्दीत अशा ठिकाणांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला. परवाना देणे, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देणे, येण्याजाण्याचे मार्ग ठरविणे, लोकांची सुरक्षितता राखणे, गोंधळ टाळणे, हे त्या नियमांचे विषय.

८/ ही भाषा नाट्यगृहाची आहे. तेथील भय आगीचे आणि चेंगराचेंगरीचे. म्हणून दारे मोजायची, गर्दी आवरायची. तलावातील संकटाचे स्वरूप निराळे असते. बुडणाऱ्याला बहुधा ओरडताही येत नाही. भरल्या तलावात, चार हातांवर माणसे असताना तो निःशब्द खाली जातो. रुंद दरवाजा तेथे उपयोगाचा नाही. सतत पाण्याकडे पाहणारा प्रशिक्षित जीवरक्षक हवा.

९/ दुसरे उत्तर १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात सापडते. त्याच्या कलम ६६ मध्ये जलतरण तलाव, धुण्याच्या व स्नानाच्या सार्वजनिक जागा हे सारे लोकांचे आरोग्य सुधारणाऱ्या सोयींमध्ये मोडते. म्हणजे पोलीस कायद्यातील करमणूक येथे आरोग्य झाली. मात्र हे कर्तव्य ऐच्छिक आहे. निधी आणि इच्छा असेल तरच.

१०/ सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ रोजी अस्तित्वात आली. पद्मशाली विणकरांचे दैवत असलेल्या मार्कंडेयांच्या नावाने तिचा एक जलतरण तलाव आहे. यंत्रमागांच्या या शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा ठिकाणी माफक शुल्कात पोहता येणे ही चैन नव्हे. महापालिकेच्या तलावाबाबत आणखी एक पेच असतो: चालविणारी आणि आरोग्याची काळजी वाहणारी संस्था एकच.

११/ आरोग्याच्या दृष्टीने पाहिले की तपासणीही बदलते. क्लोरिन किती, पाण्याची आम्लता किती, गढूळपणा किती? जलतरण तलावाच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे भारतीय मानक आहे. पाण्याचा निर्मळपणा केवळ रोगजंतूंशी निगडित नाही. तळ स्वच्छ दिसला तरच तळाशी गेलेला माणूस दिसतो! अर्थात, मानक परवान्याच्या अटींत आले तरच त्याला कायद्याचे बळ मिळते.

१२/ सरकारी यंत्रणेला हे झेपणारे नाही, असे म्हणता येत नाही. नारूचे उदाहरण घ्या. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात जात आणि तेच पाणी पिणाऱ्यांना रोग होई. महाराष्ट्रही बाधित राज्यांपैकी एक. १९८० च्या दशकात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; गावोगावचे पाणवठे शोधून त्यांवर औषधोपचार झाले, पायऱ्या बंद झाल्या. १९९६ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला.

१३/ परवान्याची जुनी चौकट आता अन्यत्र बदलू लागली आहे. दिल्लीत जून २०२५ मध्ये नायब राज्यपालांच्या आदेशाने जलतरण तलावांसह सात प्रकारच्या व्यवसायांचे परवाने देण्याचे काम पोलिसांकडून काढून घेण्यात आले. कार्यालय बदलले, हे ठीक. पण तपासनीस दारे मोजणार की पाणी पाहणार, हा प्रश्न तेथेही उरतोच.

१४/ आणि या सर्व कायद्यांच्या कक्षेबाहेर एक मोठा जलाशय राहतोच: विहिरी, कालवे, शेततळी, पाण्याने भरलेल्या दगडखाणी. तेथे तिकीट नाही, म्हणून पोलीस कायद्याच्या व्याख्येत ते ‘करमणुकीचे ठिकाण’ नाही. भारतात दरवर्षी ३०,००० हून अधिक माणसे बुडून मरतात, आणि त्यांतील बहुतेक मृत्यू अशाच उघड्या पाण्यात होतात.

१५/ म्हणून तलावाच्या परवान्याचा प्रश्न कुंपणापाशी संपत नाही. ज्या मुलाला माफक शुल्कात, जीवरक्षकाच्या नजरेखाली पोहणे शिकता येते, त्याला उद्या शेततळ्यात पाय घसरला तरी काठ गाठण्याची संधी असते. त्या अर्थाने १९४९ चे उत्तर १९५१ च्या उत्तराहून अधिक दूरदृष्टीचे होते. फक्त ते ‘ऐच्छिक’ या एका शब्दापाशी थांबले.