सुरतेची वाट

सुरत हे नाव कानी पडले की मराठी वाचकास पहिले स्मरण होते ते १६६४ आणि १६७० या दोन सालांचे. शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांच्या वर्णनांतून आपण हे शहर प्रथम पाहतो, आणि बहुधा तेथेच आपली व त्याची ओळख संपते. परंतु आम्हां नंदुरबारकरांचे सुरतेशी नाते याहून जुने आहे, व ते तरवारीचे नसून वाटेचे आहे. ज्या हमरस्त्याने दर्यावरचा माल बऱ्हाणपूर व आग्र्याकडे जाई आणि तिकडची नीळ व कापड दर्याकडे येई, त्या रस्त्यावर आमचे गाव हे एक मोठे मुक्कामाचे ठिकाण होते. विद्यार्थ्यांस हे अनेक वर्षे सांगूनही त्या वाटेचे दुसरे टोक मी इतिहासाच्या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. ही उणीव मनास लागून राहिली होती. म्हणून गेल्या कार्तिकात शनिवार-रविवारची सवड साधून मी निघालो.

नंदुरबार ते सुरत हे अंतर लोहमार्गाने सुमारे १६० किलोमीटर. तापीच्या खोऱ्यातील हा मार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि तो बव्हंशी जुन्या तांड्यांच्याच दिशेने जातो. नवापूरचे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजराथेत आहे. डब्यात उभे राहावयासही जागा नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याकडील भिल्ल कुटुंबे भांडीकुंडी, गाठोडी, कोयते व पोरेबाळे घेऊन बसली होती. शेजारच्या वृद्धास मी विचारले, "कोठे निघालात, दादा?" तो म्हणाला, "कारखान्यावर, गुरुजी. ऊस तोडायला. पाऊसकाळ जवळ आला की परत." बारडोलीच्या आसपास डबा निम्मा रिकामा झाला. मी पुन्हा पुस्तकात डोके घातले. कारण मला सतराव्या शतकात जाण्याची घाई होती.

सतराव्या शतकातील सुरत हे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील अतिशय गजबजलेले शहर होय. मोगल साम्राज्याचे ते मुख्य बंदर, व मक्केच्या यात्रेकरूंचे दार. पश्चिमेच्या सर्व टोपीकरांचे पाय येथे लागले. १६०८ मध्ये हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून आला. १६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी फिरंग्यांचा पराभव केला व लवकरच आपली वखार घातली. १६१६ मध्ये वलंदेज आले, १६६८ मध्ये फरांसीस. तापीच्या मुखाशी वाळू साचे, त्यामुळे मोठी जहाजे नदीत न शिरता सुवाळीस नांगर टाकीत. पावसाळा सरला की तेथील वाळवंटावर तंबूंचा बाजार उभा राही. एका युरोपीय बंदराचाच तुकडा जणू गुजराथच्या किनाऱ्यावर येऊन पडला होता.

मात्र हे बंदर केवळ समुद्रावर जगत नव्हते. बंदराचे वैभव त्याच्या पाठीमागील मुलखातून येते. सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे अशी वाट बऱ्हाणपुरास जाई. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता नंदुरबारास आला तेव्हा त्यास येथे कलाकुसरीत, वैद्यकात व ज्योतिषात निपुण असे मराठे लोक आढळले; भात, भाजीपाला व तिळाचे तेल हा त्यांचा आहार. १६१० मध्ये विल्यम फिंचने येथील किल्ला, कबरी व सुंदर तलाव पाहिले. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच वाटेने शाहजादा परवीझच्या भेटीस बऱ्हाणपुरास गेला. सुरतेहून तेथे पोचावयास त्यास पंधरवडा लागला. १६६६ मध्ये तर नंदुरबारात इंग्रजांची वखारच निघाली.

सुरतेस उतरल्यावर मी प्रथम कतारगाम दरवाजाकडील इंग्रजांच्या व वलंदेजांच्या दफनभूमी पाहिल्या. १६६४ च्या स्वारीच्या वेळी ज्याने आपली वखार लढवून राखली, तो सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला. भाऊ ख्रिस्तोफर त्यापूर्वी दहा वर्षे गेला होता. या दोघा भावांची दुमजली, घुमटाची कबर एखाद्या मोगल उमरावास शोभावी अशी आहे. वलंदेजांनीही मागे राहू नये म्हणून आपल्या फान रेडेची अष्टकोनी कबर तितक्याच थाटाने बांधली. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा पुरुष १६९१ मध्ये वारला. कोणाचा घुमट मोठा, अशी या दोन कंपन्यांत मृत्यूनंतरही चढाओढ होती. हे व्यापारी इतर सावकारांसारखे नव्हेत, असे रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त बजावले आहे. त्याचा अर्थ या घुमटांखाली उभे राहिल्यावर अधिक स्पष्ट कळतो.

सायंकाळी चौकबाजारात, जुन्या किल्ल्यापाशी, माणसांची दाटी पाहत फिरलो. खाद्यपदार्थांच्या दुकानांवर पाय ठेवावयास जागा नव्हती. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी गुजराथीत म्हण आहे. ती आठवून मीही घारीचा तुकडा तोंडात टाकला, आणि त्याच क्षणी पीटर मंडीच्या रोजनिशीची आठवण झाली.

हा इंग्रज १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्यास निघाला. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. शाहजहानची फौज बऱ्हाणपुरास तळ देऊन होती व धान्याचे तांडे तिकडे वळत होते. गुजराथ, खानदेश आणि दक्षिण या सर्वच मुलखांवर हा दुष्काळ कोसळला. आपल्या तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली ती याच सुमारास. मंडीने या वाटेवर जागोजाग प्रेते पाहिली. गावांतून ती पाय धरून ओढीत बाहेर आणून उघडी टाकलेली असत, आणि जनावरांच्या शेणातील न पचलेले दाणे वेचणारी माणसे त्याच्या दृष्टीस पडली. ही वाट म्हणजे आमचीच वाट.

रविवारी सकाळी मी पुन्हा त्या दफनभूमीत गेलो. कालचे घुमट तेच होते. माझे पाहणे मात्र बदलले होते. समुद्रापार येऊन येथे निवर्तलेल्या परक्या व्यापाऱ्याचे नाव, साल व पदवी दगडात कोरलेली आहे. ज्यांच्या कापसावर, ज्यांच्या गाड्यांवर व ज्यांच्या खांद्यांवर या बंदराचा थाट उभा होता, त्यांच्यासाठी नंदुरबारपर्यंतच्या सबंध वाटेवर एक ओळही नाही. मंडीने लिहून ठेवले नसते तर ते मेले हेही आपणांस कळले नसते. ऑक्झेंडनविषयी माझ्या मनात राग नाही. मेलेल्यांचे स्मरण ठेवू नये असे कोण म्हणेल? पण ज्यांस स्मारक बांधता येते त्यांचाच इतिहास आपण शिकवतो, हा दोष माझाही आहे, आणि तो मी इतकी वर्षे वर्गात केला आहे.

पुढे १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले. सुरतेची जहाजे हळूहळू तिकडे वळली, आणि बंदर ओसरले तशी वाटही ओसरली. १८१८ मध्ये नंदुरबार इंग्रजांच्या हाती आले तेव्हा ते निम्म्याहून अधिक ओसाड होते. सुरत मात्र पुन्हा उठली. आज हिरे व कापड यांनी ती गजबजली आहे.

परतीच्या गाडीत डबा मोकळा होता. बारडोलीच्या अलीकडे-पलीकडे उसाचे मळे संध्याकाळच्या उन्हात उभे होते, आणि त्यांच्या बांधांवर नव्या पालांच्या चुली पेटलेल्या दिसत होत्या. आदल्या दिवशीचा तो वृद्ध त्यांतील कोणत्या चुलीपाशी बसला असेल हे मला ठाऊक नव्हते. त्याचे नाव विचारावयाचे मला सुचले नव्हते.