फाइल-स्थलांतर

जुन्या संगणकावरील फायली नव्या संगणकावर जशाच्या तशा नेण्याला फाइल-स्थलांतर म्हणतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल लागते; ते नसलेले संगणक बदलायची वेळ आली. छत्रपती संभाजीनगरात डीटीपीच्या दुकानांपासून वाळूज एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांपर्यंत हे काम निघते.

यात खरी कसोटी मराठी मजकुराची. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या १२८ जागा आहेत, पण पुष्कळ जुना मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टांत टाइप झालेला आहे. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठी बी, एच अशा रोमन अक्षरांत साठतो; त्याला देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. तो मागे राहिला की लग्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाइल मुळीच बिघडलेली नसते, पण घाबरून ती पुसली जाते, आणि हे नुकसान हकनाक असते. म्हणून फॉन्ट आधी न्यावेत, सॉफ्टवेअरचा परवाना आणि हार्डवेअर लॉक जपावे. युनिकोडात रूपांतर नंतर, तेही प्रतीवरच करावे; रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

फायली कॉपी कराव्यात, कट करू नयेत. मध्येच वीज गेली तर कट केलेल्या फायली दोन ठिकाणी विखुरतात. एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नेले म्हणजे सारे आले असे नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा वेगळ्याच फोल्डरात असतो. त्याचा बॅकअप टॅलीतूनच घेऊन नव्या यंत्रावर रिस्टोअर करावा. डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवावी.

मग दोन्हीकडची फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा. मोलाच्या फायलींचा एसएचए-२५६ ठसा (हॅश) जुळवावा, काही फायली उघडून बघाव्यात. तोवर जुन्या डिस्कला हात लावू नये.

फोल्डरांची नावे स्थलांतराच्या धांदलीत बदलू नयेत. बदलल्यास एक्सेलमधल्या लिंका तुटतात. औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, पण त्याआधीच्या फायलींच्या नावांत ‘औरंगाबाद’च आहे. शोध घेताना दोन्ही नावे टाकावीत.