कडा कुणाचा, वाट कुणाची?

स्मरणिकेसाठी लेख हवा, असं संपादक मंडळाने कळवलं तेव्हा सोबत एक अटही घातली होती: गॅदरिंग, मधली सुट्टी आणि छड्या हे विषय सोडून लिही, त्यांवर भरपूर लेख आले आहेत. म्हणून मी इतिहासाचा विषय घेतला. आपल्या इतिहासाच्या बाई म्हणायच्या, सन विसरलात तरी चालेल, भांडण कशावरून होतं ते लक्षात ठेवा. हा लेख एका भांडणाचाच आहे. डोंगर आणि कडे खासगी मालकीचे असले किंवा लष्कराच्या ताब्यात असले, तर तिथे कुणी जायचं आणि कुणाला विचारून?

गेली २७ वर्षं मी इंग्लंडमध्ये शेफिल्डला राहतो. शाळेच्या सहलींमध्ये लागलेलं डोंगरांचं वेड इथेही सुटलं नाही. शहरातून मोटारीने अर्ध्या तासावर स्टॅनेज नावाचा भरड वालुकाश्माचा कडा आहे. उंचीने बेताचा, तैलबैल्याच्या भिंतींपुढे अगदीच ठेंगणा. पण लांबी पाच-सहा किलोमीटर आणि चढाईचे मार्ग हजाराहून अधिक. ब्रिटिश प्रस्तरारोहकांची ही पंढरीच. आज तिथे कुणीही दोर घेऊन जातं, कुणी हटकत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र तिथे बंदुका घेतलेले राखणदार फिरत असत.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधली पूर्वापार सामायिक असलेली माळरानं कायदे करून खासगी मालकीत गेली. शेफिल्ड आणि मँचेस्टर या दोन कारखानी शहरांच्या मधला उंच माळ जमीनदारांनी ग्राऊस नावाच्या, तित्तिराशी नातं सांगणाऱ्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवला. शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होई आणि जेमतेम चार महिने चाले. रान मात्र वर्षभर बंद. खाली गिरण्यांत आणि पोलादाच्या भट्ट्यांत आठवडाभर राबणाऱ्या माणसांना रविवार तेवढा मोकळा मिळे आणि डोंगर समोर दिसे, पण वर पाऊल टाकायची सोय नव्हती. डोंगर जनतेला खुले करावेत असं विधेयक १८८४ मध्ये जेम्स ब्राइस यांनी संसदेत मांडलं. ते पडलं. नंतरही अशी विधेयकं येत राहिली आणि पडत राहिली.

२४ एप्रिल १९३२ या रविवारी हेफिल्ड गावाजवळच्या एका दगडाच्या खाणीत काहीशे तरुण-तरुणी जमल्या. पुढारी होता बेनी रॉथमन, वय अवघं २०. तिथून ते सगळे किंडर स्काउटच्या बंद पठाराकडे उघडउघड चालत निघाले. वाटेत राखणदारांशी झटापट झाली. परतताना पोलिसांनी काही जणांना धरलं आणि पुढे डर्बीच्या न्यायालयात पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले. आपल्याकडे मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दोन्ही प्रसंगांत फरक पुष्कळ आहेत, तरी कायदा उघडपणे मोडून तुरुंगात जाण्याची रीत आपल्याला ओळखीची वाटावी.

इथवरची गोष्ट इंग्लंडात पुष्कळांना ठाऊक असते. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. पदभ्रमण करणाऱ्यांच्या तेव्हाच्या जुन्या संघटनांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. वर्षानुवर्षं जमीनमालकांशी बोलणी करून जमवत आणलेलं सगळं यामुळे बिघडेल, अशी त्यांना भीती वाटत होती. पण शिक्षा इतक्या कडक झाल्या की लोकमत तरुणांच्या बाजूने वळलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान नेमकं याच प्रदेशात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये झालं. त्यानंतर एकेका माळाबद्दल मालकांशी करार करायचं काम पडलं ते बोलणी करू जाणणाऱ्यांवरच. ज्यांनी दार ठोठावलं ते आणि ज्यांनी आत बसून कलमं लिहिली ते, दोघांनाही या इतिहासात जागा दिली पाहिजे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये नकाशावर आखलेल्या डोंगर-माळांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला तो २००० सालच्या कायद्याने. ब्राइस यांच्या विधेयकानंतर ११६ वर्षांनी! या हक्कात कड्यांवर चढणंही येतं. स्कॉटलंडने २००३ मध्ये याहून उदार कायदा केला. २००० च्या कायद्यातलं एक कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. अशा खुल्या जमिनीवर निसर्गतःच असलेल्या कड्यावरून कुणी पडलं, तर त्याची भरपाई मालकाने द्यायची नाही. "उद्या कुणी पडलं तर माझ्या गळ्यात येईल" ही मालकाची खरी भीती असते. ती घालवली की निम्मं भांडण मिटतं. ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल, म्हणजे १९४४ मध्ये स्थापन झालेली गिर्यारोहकांची संस्था, आपल्या सभासदांचा विमा उतरवते. सभासदाच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्यासाठी तो विमा असतो.

कायदा झाला म्हणून सगळे कडे खुले झाले असं मात्र नाही. दगडाच्या खाणी, बरेचसे समुद्रकडे, शेतांमधले सुळके या हक्काबाहेर राहिले. डार्टमूरमधला व्हिक्सन टॉर हा देखणा सुळका पिढ्यान्‌पिढ्या लोक चढत होते. २००३ मध्ये नव्या मालकांनी वाट बंद केली. ती जमीन खुल्या जमिनीच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे जुनी वहिवाट कामी आली नाही. दुसरीकडे काही कडे संस्थेनेच मालक होऊन सांभाळले आहेत. दक्षिणेकडचा हॅरिसन्स रॉक्स हा त्यातलाच एक. तिथला वालुकाश्म इतका मऊ आहे की दोर घासला तरी खडकाला खाचा पडतात. म्हणून दोर वरच्या झाडाला किंवा खिळ्याला लांब पट्ट्यांनी बांधून, कड्याच्या धारेला न घासेल असाच लावायचा, हा तिथला नियम.

मी जवळून पाहिलेलं उदाहरण वेल्समधल्या पेम्ब्रोकच्या समुद्रकड्यांचं आहे. तिथल्या चुनखडीच्या कड्यांवर कॅसलमार्टिन हे रणगाड्यांच्या गोळीबाराचं लष्करी मैदान आहे. खडक असा की चढणाऱ्याला मोह आवरू नये, आणि माथ्यावरच्या गवतात न फुटलेले तोफगोळे! तरीही तिथे चढाई चालते. पूर्वेकडच्या भागात गोळीबार नसेल तेव्हा जाता येतं. पश्चिमेकडच्या भागात जायचं तर दरवर्षी एकदा लष्कराच्या माहितीवर्गाला हजर राहावं लागतं. मी तो वर्ग केला आहे. अधिकारी शांतपणे सांगतात: काय दिसलं तर हात लावू नका, कुठून चाला, कुणाला कळवा. वर्गात कुणी कुरकुर करत नाही. एका माणसाने आगाऊपणा केला तर फाटक सगळ्यांना बंद होईल, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

त्याच कड्यांवर गिलेमॉट आणि रेझरबिल हे समुद्रपक्षी अंडी घालतात. त्यामुळे वसंतापासून भर उन्हाळ्यापर्यंत कड्यांचे ठरावीक भाग चढाईला बंद असतात. कुठला भाग, किती दिवस, हे गिर्यारोहक, पक्षीतज्ज्ञ आणि जागेचे मालक एकत्र बसून ठरवतात. स्टॅनेजवरही हेच. रिंग औझल हा गळ्याखाली पांढरी चंद्रकोर असलेला, कस्तुराच्या कुळातला पक्षी तिथे घरटं करतो. घरटं दिसलं की स्वयंसेवक त्या भोवतीच्या मार्गांवर पाट्या लावतात आणि पिल्लं उडाली की काढून नेतात. मी गेले काही वसंत हे काम करतो आहे. पाटी वाचून दोर गुंडाळणारे आणि शेजारच्या मार्गाकडे वळणारे तरुण पाहिले की बरं वाटतं. सरसकट बंदी आली असती तर याच तरुणांनी ती मोडली असती. बंदी नेमकी, थोड्या दिवसांची आणि कारण सांगून घातलेली असली, तर लोक ती आपणहून पाळतात. २००१ मध्ये गुरांच्या लाळ-खुरकुताची साथ आली तेव्हा कित्येक महिने शेतांतून जाणाऱ्या वाटा बंद होत्या. तेव्हाही बहुतेक गिर्यारोहक घरी बसले. त्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांकडे जमा झालेली पत पुढे कुठल्याही बैठकीत उपयोगी पडली असेल.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतो आहे ते लिहितो. सह्याद्रीत आपण लहानपणी कुणाला न विचारता हिंडलो. ते दिवस संपत आले आहेत. कडे वनखात्याच्या, पुरातत्त्व खात्याच्या किंवा कुणाच्या तरी सातबाऱ्यावरच्या जमिनीत आहेत. पावसाळ्यात मनाईहुकूम निघतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ आपल्या राज्यातले. अभिमान आहेच, पण त्यासोबत नवे नियम येणार हेही नक्की. ते नियम ठरतील तेव्हा डोंगरात जाणारी माणसं टेबलाशी बसलेली असतील का?

मागच्या खेपेला आलो होतो तेव्हा मावळातल्या एका गडाच्या पायथ्याला वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. शेतमालक काका बांधावरच होते. विचारलं तर म्हणाले, "भाताच्या तरव्यात गाड्या घालत्यात. इचारायचं तर कुनाला सुचत न्हाय." चहा घेता घेता त्यांनीच तोड सांगितली: गाड्या देवळापाशी लावा, बांधावरून एका रांगेत जा, माझी काय बी हरकत न्हाय. कॅसलमार्टिनच्या कराराचा गाभा याहून वेगळा नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बॅचकडे एकदा पाहा. एक जण वनखात्यात आहे, दोघं वकील आहेत, एकीची भातशेती गडाच्या पायथ्याशी आहे, आणि किमान चौघांची मुलं दर शनिवार-रविवारी दोर घेऊन डोंगरात जातात. जी माणसं एरवी फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभी असतात, ती आपल्याकडे एकाच बाकावर बसून शिकलेली आहेत. स्नेहसंमेलनाच्या दिवशी जेवणानंतर, गाण्यांच्या भेंड्या सुरू होण्याआधी, अर्धा तास द्या. एक गड निवडू, त्याची जमीन कुणाकुणाची आहे ते काढू आणि त्या सगळ्यांना भेटायला जाऊ. भूगोलाच्या सरांनाही सोबत घेऊ. वाटा त्यांना अजून आपल्याहून चांगल्या पाठ आहेत.