रेणूंची स्वयंजुळणी आणि अजिंठ्याची लाख

द्रवात विखुरलेले रेणू घन पृष्ठभागावर आपणहून येऊन नियमित मांडणीत बसतात, या घटनेस रेणूंची स्वयंजुळणी म्हणतात. ही मांडणी कोणी हाताने करीत नाही आणि यंत्रानेही करीत नाही. तयार होणारा थर बहुधा एकाच रेणूच्या जाडीचा असतो. तो नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजावा लागतो. येथे चर्चा आहे ती सेंद्रिय, अर्थात कार्बनयुक्त रेणूंची. सेंद्रिय शेतीशी या शब्दाचा काही संबंध नाही.

अमेरिकेतील विल्यम झिस्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली एक विलक्षण निरीक्षण नोंदविले. लांब साखळीचे काही रेणू तेलासारख्या द्रवात विरघळवून त्यात स्वच्छ काच बुडविली, तर बाहेर काढताना ती कोरडी निघते. रेणूंचा थर बसल्यामुळे ज्या द्रवातून ती आली, तो द्रवच तिला भिजवू शकत नाही. पुढे १९८३ मध्ये राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी गंधकयुक्त रेणूंचे असे थर सोन्यावर बसविले. गंधकाचे टोक सोन्याला घट्ट धरते आणि हायड्रोकार्बनची शेपटी सुमारे तीस अंशांनी कललेली राहते, जणू वाऱ्याने एका दिशेला झुकलेले ज्वारीचे शेतच. पृष्ठभाग काही मिनिटांत भरतो, परंतु शिस्त यायला कित्येक तास लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञांनी या थरांचा जैवसंवेदकांसाठी कसा उपयोग करता येईल, याचा आढावा २००२ साली घेतला होता. मोटारीच्या कूलंटमध्ये घातले जाणारे बेन्झोट्रायझोल तांब्यावर पातळ थर धरून त्याला गंजण्यापासून वाचविते, तेही याच कुळातले.

ग्राफाइटवर रेणूंची पकड याहून पुष्कळच सैल असते. तेथे ते आडवे पडतात आणि केवळ दुबळ्या आकर्षणाने टिकून राहतात. गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी १९८१ मध्ये तयार केलेल्या व १९८६ चे नोबेल मिळवून देणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाचे टोक द्रवाच्या थेंबात बुडवून ही मांडणी साध्या खोलीच्या तापमानाला पाहता येते. बेल्जियममधील लूव्हेन आणि जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी २००८ साली दाखविले, की रेणू तोच, ग्राफाइट तेच, द्रावकही तोच. फक्त द्रावण पातळ केले की रेणू मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सच्छिद्र जाळी विणतात आणि दाट केले की खेटून रांगा धरतात.

द्रव म्हणजे रेणूंना पृष्ठभागापर्यंत पोहोचविणारी नुसती होडी नव्हे, हे यावरून लक्षात येते. चुकीच्या जागी बसलेला रेणू सुटून पुन्हा द्रवात जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. असे असंख्य वेळा घडल्यावर सर्वांत स्थिर मांडणी उरते. शिस्त येते ती चूक दुरुस्त करण्याची सवड असल्यामुळे. ही सवड काढून घेतल्यास काय होते, याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे.

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटरवरील अजिंठ्याची लेणी पूर्वी हैदराबाद संस्थानात होती. निजाम सरकारने तेथील भित्तिचित्रे वाचविण्यासाठी लोरेन्झो चेकोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलाविले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटणारे गिलावे पक्के केले आणि चित्रांवर लाखेचा हात दिला. त्यांच्या कामामुळे बरेच गिलावे भिंतीला टिकून राहिले, ही गोष्ट विसरता कामा नये. लाख मात्र अडचणीची ठरली.

लाख अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात. अल्कोहोल झपाट्याने उडून जाते आणि रेणू जेथे असतील तेथेच अडकतात. शिवाय लाख हे एका रेणूचे द्रव्य नाही. निरनिराळ्या आम्लांचे ते मिश्रण असल्याने एकसारखी रांग लागणे मुळातच कठीण. त्यामुळे चित्रावर बसते ते अस्ताव्यस्त आणि जाड कवच. वर्षे जातात तशी या रेणूंची आम्ल व हायड्रॉक्सिल टोके एकमेकांशी जुळत जातात, कवच पिवळे पडते, धूळ धरते आणि ज्या अल्कोहोलमध्ये लाख एकेकाळी विरघळली होती, त्याला ती आता सहजी दाद देत नाही.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे दीर्घकाळ ही लाख उतरवावी लागली. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. ती मातीच्या कोरड्या गिलाव्यावर, डिंकासारख्या बंधकाच्या साहाय्याने रंगविलेली आहेत. म्हणजे भिंतीवर दोन सेंद्रिय पदार्थ एकावर एक आहेत. द्रावक असा निवडायचा, की त्याने वरची लाख फुगून सुटावी, पण खालच्या बंधकाची रंगकणांवरची पकड ढिली होऊ नये. द्रावक जास्त वेळ ठेवला तर रंगच बोळ्यावर येण्याचा धोका. कमी ठेवला तर कवच हलतच नाही. लेण्यांतील काही चित्रांवर दिसणारी पिवळट झाक चित्रकाराची नसून या लाखेची आहे, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.