सह्याद्री–काळी व्याघ्रमार्ग

महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक यांना जोडणारा पश्चिम घाटातील जंगलपट्टा. उत्तर टोकाला कोयना–चांदोलीचा सह्याद्री व्याघ्रप्रकल्प (२०१०), दक्षिणेला दांडेलीचा काळी व्याघ्रप्रकल्प (२००७, २०१५ पर्यंत दांडेली–अणशी). मधे राधानगरी, आजरा, चंदगड, तिल्लारी, भीमगड व गोव्यातील म्हादई. त्यातला बराच मोठा दुवा कोल्हापूर जिल्ह्यात येतो.

वनस्पती : सदाहरित, निमसदाहरित व पानझडी वने; सड्यांवर गवत.

सहकार्य : तिन्ही राज्यांचे जंगल सलग असले तरी कायद्याने व्याघ्रसंवर्धन आराखडा ज्या त्या राज्याने करायचा असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. मोजणीचेच पाहा : वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, पण त्याच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. एका राज्याकडे फक्त डाव्या कुशीचा फोटो आणि दुसऱ्याकडे फक्त उजव्या कुशीचा असेल, तर एकच वाघ कागदावर दोन ठरू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंनी कॅमेरे लावणे आणि फोटो एकाच राष्ट्रीय संग्रहाशी ताडून पाहणे हे संयुक्त बैठकांहून महत्त्वाचे सहकार्य मानावे लागते. प्रत्येक राज्याने आपापले अभयारण्य नीट राखले की पुरे, असा आक्षेप घेतला जातो. पण तिल्लारी संवर्धन राखीव (२०२०) जेमतेम साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचे. एका नराचा वावरही त्यात मावणार नाही. त्याचे मोल वाटेवरचे ठिकाण म्हणूनच. दुवा कच्चा राहिला की काय होते, ते जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ विषबाधेने मेले तेव्हा दिसले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तेथे व्याघ्रप्रकल्प जाहीर करण्यास तीन महिन्यांची मुदत दिली; गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. अभयारण्यातल्या वस्त्यांचे काय, हा सरकारचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मात्र वाटेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

हत्ती : २००२ च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गातील दोडामार्गात उतरले, पुढे चंदगड, आजऱ्यातही. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातल्याच माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यासाठी प्रशिक्षित हत्ती कर्नाटकातूनच आणावे लागले. सहकार्य झाले ते असे, पिकांची नासधूस झाल्यानंतर. भात, ऊस, केळी, माड यांच्या नुकसानीची भरपाई मात्र शेत ज्या राज्यात त्या राज्याच्या दराने मिळते. हत्ती कुठून आला, याचा त्यात हिशेब नाही.